वायफाय कार्डाचा नंबर बघा, मग हात लावा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून सांगली, मिरज, कुपवाड भागातले जुने लॅपटॉप माझ्याकडं यायला लागलेत. मी काही दुरुस्तीवाला नाही, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघतो, पण घरच्या आणि दुकानच्या मशीनवर लय वर्षं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, आहे हे ओळखीपाळखीत सगळ्यांना माहितीय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे २०१४-१५ ला पै पै जमवून घेतलेला लॅपटॉप, स्क्रीन धडधाकट, कीबोर्ड धडधाकट, आणि तरी तो एका तारखेनंतर भंगारात घाला म्हणायचं. मला हे अजिबात पटत नाही. त्यात लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं की तो अजून चार-पाच वर्षं आरामात चालतोय, पोरांचा अभ्यास होतोय, दुकानाचे हिशोब होतायत, ऑनलाइन फॉर्म भरले जातायत.

टाकायला फार वेळ लागत नाही. खरं दुखणं नंतर सुरू होतंय. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "सगळं झ्याक चाललंय, फक्त वायफाय नाही." आता आजच्या काळात वायफाय नसलेला लॅपटॉप घेऊन माणूस करणार काय? मग कुणीतरी सांगतं की लिनक्सला वायफाय चालतच नाही, आणि तो माणूस परत कुठलंतरी क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेतो, व्हायरससकट. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. "वायफाय चालत नाही" याला उत्तर नसतंय. त्या लॅपटॉपच्या आत कुठलं कार्ड बसवलंय त्याचा नंबर कळला की उत्तर असतंय. यार्डात पोत्यावरचा मार्का बघितल्याशिवाय कोण पोतं हलवत नाही, तसंच हे. पण लोक काय करतात, लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल टाकून सर्च करतात, पहिलं जे सापडेल त्यातल्या कमांडा कॉपी-पेस्ट करत सुटतात, आणि एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनीनं कधी ब्रॉडकॉमचं, कधी रिअलटेकचं, कधी इंटेलचं कार्ड घातलेलं असतंय, त्यामुळं शेजारच्याला लागू पडलेला इलाज आपल्याला लागू पडेलच असं नाही, उलट दुसराच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, ब्लॅकलिस्ट होऊन, म्हणजे चालूच होऊ नये अशा यादीत जाऊन, बसतो आणि मग गुंता अजून वाढतो.

तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचं, एलएसपीसीआय टाइप करायचं, एक जागा सोडून डॅश आणि त्याला चिकटून एनएनके, एंटर. सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीतली. लांबलचक यादी येते, त्यात नेटवर्क कंट्रोलर म्हणून ओळ शोधायची. त्या ओळीत चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतात, मधे कोलन. पहिला गट म्हणजे चिप बनवणारी कंपनी. ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस. दुसरा गट म्हणजे नेमकं कार्ड. हा जो जोडनंबर आहे तोच सर्चमध्ये टाकायचा, लॅपटॉपचं नाव नाही. आणि त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का बघायची. असेल तर ड्रायव्हर बसलाय, घोळ दुसरीकडं आहे. नसेल तर ड्रायव्हरच नाही. आणि नेटवर्क कंट्रोलरच यादीत नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, कार्ड बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद आहे किंवा आत ढिलं झालंय किंवा खरंच गेलंय.

अजून एक कमांड याच्या जोडीला, आरएफकिल लिस्ट. त्यात सॉफ्ट ब्लॉक्ड किंवा हार्ड ब्लॉक्ड पुढं यस दिसलं तर वायफाय नुसतं बंद केलेलं आहे. सॉफ्ट असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय म्हणलं की झालं, हार्ड असेल तर कडेला एखादं छोटं बटण किंवा कीबोर्डवर विमानाचं चित्र असलेली की असते ती बघायची. हे आधी बघून घ्यायचं, कारण एवढ्याशा कारणासाठी माणसं अख्खी सिस्टीम परत टाकतात.

आता प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. माझी चुलत बहीण विश्रामबागला राहते, तिची पोरगी डिप्लोमाला आहे. तिच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं आणि ती म्हणाली, "मामा, खाली कोपऱ्यात वायफायचं चिन्हच येईना." म्हणलं, "आधी तुझा फोन केबलनं जोड, डेटा जाणारी केबल घे, नुसती चार्जिंगची नको." फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असतं, त्यात यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला ते सरळ वायरचं नेटवर्क म्हणून दिसतं, त्याला लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असतोच. हे लय जणांना माहितीच नसतंय. वायफायचा ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेट यायला वायफाय पाहिजे, या चक्रात माणूस अडकतो, पेन ड्राइव्हवर एकेक फाइल दुसरीकडनं आणून टाकत बसतो, त्या फाइलला अजून चार फाइली लागतात, त्या चारला अजून दहा. फोनची केबल लावली की हे सगळं संपतं.

एलएसपीसीआय टाकल्यावर तिच्याच स्क्रीनवर ओळ आली, ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, नंबर १४ई४:४३६५. मी तिला म्हणलं हा नंबर वहीत लिहून ठेव. या कार्डासाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, ब्रॉडकॉमनं स्वतः दिलेला डब्ल्यूएल नावाचा बंद, म्हणजे आत काय लिहिलंय ते कंपनीनं उघड न केलेला, ड्रायव्हर घालायला लागतो. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो ब्रॉडकॉमचं नाव दाखवतो, निवडायचं आणि अप्लाय. टर्मिनलमधनं करायचं असेल तर उबुंटू आणि त्यावरच्या मिंटच्या बाजूला बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस अशी पॅकेजची नावं आहेत.

इन्स्टॉल होताना मधेच त्यानं पासवर्ड मागितला. इथं बहुतेक जण गडबडतात. हा लॉगिनचा पासवर्ड नाही. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही, म्हणून सिस्टीम स्वतःची एक किल्ली तयार करते, तिनं ड्रायव्हरवर सही करते, आणि ती किल्ली तुम्हीच मान्य केलीय हे मशीनला कळावं म्हणून एक पासवर्ड ठरवून घेते. रिस्टार्ट केलं की एक निळी स्क्रीन येते, जुन्या डॉसच्या काळातली वाटावी अशी, आणि काही सेकंदच थांबते. त्यात कुठलंही बटण दाबायचं, मग एनरोल एमओके, मग कंटिन्यू, मग यस, मग तोच पासवर्ड. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, घाबरायचं नाही. पोरगीनं शांतपणे सगळं केलं, परत चालू झालं तर खाली कोपऱ्यात चिन्ह आलं आणि त्यात शेजाऱ्यांचीसुद्धा नावं दिसायला लागली. ही निळी स्क्रीन नुसती बघत बसलं तर मशीन आपली आपण पुढं चालू होते आणि ड्रायव्हर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं म्हणून बाहेरच राहतो. तसं झालं तर एमओकेयुटिल वापरून ती किल्ली परत नोंदवायला सांगता येतं, सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

एक लक्षात ठेवा, हा डब्ल्यूएल ड्रायव्हर कंपनीनं २०१५ नंतर पुढं नेलेला नाही, आवृत्ती ६.३०.२२३.२७१ वरच थांबलाय, नव्या नव्या कर्नलवर तो चालावा म्हणून डेबियन-उबुंटूची माणसं त्याला ठिगळं लावत असतात. डब्ल्यूपीए३ ही वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत त्याला जमत नाही, घरचा राउटर नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ करून घ्यायचा.

आता असं का, म्हणजे एका कंपनीचं कार्ड लावलं की लगेच चालतं आणि दुसऱ्याला एवढी यातायात का, हे समजून घेण्यासारखं आहे. ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर कर्नलच्या आत, आपल्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम, तो लॅपटॉप चालू होताना ड्रायव्हर उचलून कार्डात भरतो. इंटेलचं बघा, ड्रायव्हर आयडब्ल्यूएलवायफाय हा कर्नलमध्येच खुला आहे पण फर्मवेअरची फाइल बंद आहे, मात्र ती वाटायची परवानगी दिलेली आहे, म्हणून ती लिनक्स-फर्मवेअर नावाच्या संग्रहात असते आणि आपल्याला काही करायला लागत नाही. ब्रॉडकॉमनं जुन्या कार्डांच्या फर्मवेअरला तशी परवानगीच दिली नाही. मग काय केलं लोकांनी? कंपनीचा ड्रायव्हर उलगडून, तो कार्डाशी काय बोलतो हे बघून बघून, एका गटानं त्यावरनं कार्डाची माहिती लिहून काढली आणि दुसऱ्यांनी नुसती ती माहिती वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, कॉपी केल्याचा आरोप येऊ नये म्हणून. तो बी४३, जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ कर्नलमध्ये आला. फर्मवेअर मात्र आजही कंपनीच्या ड्रायव्हरमधनं कापून काढायला लागतं, त्यासाठी बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं वेगळं हत्यार आहे. कुणाच्या पगारावर नाही, ओळख नाही पाळख नाही, आपल्यासारख्या कुणाचातरी लॅपटॉप चालावा म्हणून माणसांनी रात्री जागून हे केलंय. मला याचं लय अप्रूप वाटतं, आणि कुणी सहज "लिनक्स बेकार आहे" म्हणलं की म्हणूनच वाईट वाटतं.

त्याच वर्षी, २००८ ला, अथेरॉसनं एथ९के हा ड्रायव्हर खुला केला, त्याच्या पीसीआय कार्डांना वेगळी फर्मवेअरची फाइल लागतच नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये १६८सी दिसलं की मी निवांत होतो. ब्रॉडकॉमनंसुद्धा सप्टेंबर २०१० मध्ये काही कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण ४३१४२ त्यात नाही. आणि डेबियन, जी या बाबतीत सगळ्यात कडक, त्यांनी २०२२ ला मतदान घेऊन ठरवलं की इन्स्टॉलरमध्येच बंद फर्मवेअर ठेवायचं, जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ते चालू झालं. काहींना हे तत्त्वाला मुरड घातल्यासारखं वाटलं. माझं मत सरळ आहे, ज्या पोराकडं एकच लॅपटॉप आहे त्याला पहिल्या दिवशी नेट मिळालं पाहिजे, तत्त्व तो नंतर समजून घेईल. पण ध्यानात घ्या, हे फर्मवेअरपुरतंच आहे, ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल हा अख्खा ड्रायव्हर आहे, त्यासाठी डेबियनमध्ये नॉन-फ्री हा वेगळा भाग चालू करायला लागतोच.

फर्मवेअर सापडत नसेल तर डीमेसेज या कमांडमध्ये कळतं. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' आणि शेवटी एरर उणे २ असं येतं. उणे २ म्हणजे फाइल नाही, बाकी काही नाही. इंटेलच्या कार्डाला अशा दोन-तीन ओळी दिसल्या आणि खाली लगेच एक आवृत्ती लोड झाल्याचं दिसलं तर काही बिघडलेलं नाही, तो नव्यापासून जुन्याकडं एकेक फाइल शोधत येतो.

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा लॅपटॉप आला होता त्याची गोष्ट वेगळीच. त्यात ड्रायव्हर होता, चिन्ह होतं, पासवर्ड घेत होता, पण राउटरच्या शेजारी बसलं तरच चालायचं, दोन खोल्या पलीकडं गेलं की गायब. ते म्हणाले, "सौद्याच्या दिवशी रेट बघायचं म्हणलं तर उठून राउटरपाशी उभं राहायला लागतंय भाऊ." नंबर बघितला तर रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई. मागचं झाकण उघडलं, कार्ड पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं, त्यावर अँटेना लावायच्या दोन सोनेरी गोल टिकल्या, पण लॅपटॉप बनवणाऱ्यानं वायर एकच दिलेली, स्क्रीनच्या बिजागरीतनं आलेली एक काळी वायर एका टिकलीवर बसवलेली आणि दुसरी टिकली रिकामी. ड्रायव्हर ऐकत होता रिकाम्या टिकलीवर. यासाठी वायर काढघाल करायची गरज नाही, त्या टिकल्या लय नाजूक असतात. ड्रायव्हरलाच सांगायचं की दुसऱ्या अँटेनावर ऐक. ईटीसी मधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करायची आणि त्यात एकच ओळ, ऑप्शन्स, मग आरटीएल८७२३बीई, मग एएनटी_एसईएल=२. काही मशीनला २ लागतं काहींना १, दोन्ही लावून सिग्नल बघायचा. रिस्टार्ट केलं आणि माडीवरसुद्धा कांड्या पुऱ्या आल्या.

सिग्नल चांगला असून मधेच अडकत असेल तर पॉवर सेव्हिंग बघा. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते, त्यात ३ च्या जागी २ करायचं.

रिअलटेकच्या बाबतीत अजून एक. आरटीएल८८२१सीई हे कार्ड लय लॅपटॉपमध्ये आहे आणि त्यासाठी नेटवर अजून जुने लेख सापडतात की अमुक ठिकाणनं सोर्स उतरवा, मेक करा, मेक इन्स्टॉल करा. आता त्याची गरज नाही, आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर २०१९ च्या ५.२ कर्नलमध्ये आला आणि हे कार्ड २०२० च्या ५.९ मध्ये त्यात घेतलं. मिंट २२ ला तर कर्नल ६.८ आहे. म्हणून काही कंपाइल करायच्या, म्हणजे सोर्समधनं ड्रायव्हर बांधायच्या, आधी युनेम -आर करून आपला कर्नल कुठला ते बघा, आणि लेखाची तारीख बघा. एनडिसरॅपर म्हणून विंडोज एक्सपीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायची युक्ती होती, ती सांगणारे लेख अजून वर येतात, ते सरळ सोडून द्या, त्या काळी त्याचा उपयोग होता, आता नाही.

यूएसबीचं छोटं वायफाय घ्यायचं म्हणलं तर जपून. खोक्यावर नाव तेच असतंय आणि आतली चिप बदललेली असतीय. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन मध्ये व्हर्जन १ ला अथेरॉसची एआर९२७१ होती, व्हर्जन २ पासून रिअलटेकची आली. दुकानात लिनक्सला चालतं का असं विचारून उपयोग नाही, व्हर्जनचा आकडा बघायचा. आणि काही रिअलटेकच्या स्टिक लावल्या लावल्या सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, एलएसयूएसबी या यूएसबीची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ०बीडीए:१ए२बी येतं. त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, यूएसबी-मोडस्विच बसवलेलं असेल तर ती आपोआप वायफाय बनते, नाहीतर फाइल मॅनेजरमधनं ती सीडी इजेक्ट करायची की खरा नंबर दिसतो.

आतलं कार्डच बदलायचं असेल, आणि खरं सांगायचं तर बंद ड्रायव्हरच्या मागं लागण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त आवडतो, तर आधी जुनं कार्ड मिनी पीसीआय एक्सप्रेसचं आहे का एम.२ चं ते बघा, आणि इंटेलचं घेताना एएक्स२०० आणि एएक्स२०१ यात गफलत करू नका, २०० साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतं, २०१ ला इंटेलचाच ठरावीक चिपसेट लागतो, जुन्या लॅपटॉपमध्ये ते चालायचंच नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये फक्त ठरलेलीच कार्डं घेतात, दुसरं घातलं की चालू होतानाच अडतं, म्हणून पैसे घालायच्या आधी त्या मॉडेलबद्दल चौकशी करा.

वायफाय आलं की काम झालं असं समजून फोनची केबल टाकून देऊ नका. डब्ल्यूएलसारखा कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर असेल तर प्रत्येक नव्या कर्नलला तो परत बांधायला लागतो, डीकेएमएस ते आपोआप करतं, पण कर्नलचे हेडर, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, बसवलेले नसतील किंवा कर्नलच फार नवा असेल तर ते अडतं आणि अपडेटनंतर चिन्ह परत गायब होतं. तेव्हा रिस्टार्ट करून ग्रबमध्ये, म्हणजे चालू होताना येणाऱ्या निवडीच्या यादीत, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात आधीचा कर्नल निवडायचा, वायफाय येतंच. मग डीकेएमएस स्टेटस करून बघायचं कुठल्या कर्नलला ड्रायव्हर बसलाय आणि कुठल्याला नाही.

सांगली-मिरजेत कुणाचं अडलं असेल तर लॅपटॉप घेऊन यायच्या आधी ती एलएसपीसीआयची ओळ, खालची ड्रायव्हरची ओळ आणि कर्नलचा आकडा एवढं फोटो काढून पाठवा, बऱ्याच वेळा तेवढ्यावर फोनवरच काम होतंय. यार्डातले सौदे दुपारी उरकतात, त्यानंतर मी मोकळा असतो.